शिट्टी कोचच्या हातात असते

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या एका उपनगरात राहतो. मुलगा नववीत आहे, सरकारी शाळेत. यंदा त्याची सॉकरच्या ज्युनिअर व्हर्सिटी टीममध्ये, म्हणजे शाळेच्या मुख्य व्हर्सिटी टीमच्या खालच्या टीममध्ये, निवड झाली. पहिलाच सामना बघायला गेले तर खेळ सुरू व्हायच्या आधी कोचनं सगळ्यांना गोलात बोलावलं. मुलांनी एक गुडघा टेकला, माना खाली घातल्या, बारावीतल्या एका मुलानं प्रार्थना म्हटली. शेवटी येशूचं नाव आणि सगळ्यांचं 'आमेन'. कोचही मान झुकवून मध्ये उभे. प्रत्येक सामन्याआधी हे असंच असतं म्हणे.

मी काही बोलले नाही. पण मागच्या आठवड्यात डिशवॉशर लावता लावता त्यानंच विचारलं, "आई, आपण आमेन म्हटलं तर चालतं का?" मला उत्तर सुचेना.

मिस्टर म्हणतात, "साताऱ्याला आमच्या शाळेत रोज प्रार्थना होती, सरस्वतीपूजन होतं. वर्गात मुसलमान मुलं होती, तीही हात जोडायची. त्यांचं काय बिघडलं?" सासूबाई सध्या इथे आल्यात. त्या म्हणतात, देव एकच, त्यानं आपली मनात रामरक्षा म्हणावी. मंडळातली मैत्रीण म्हणते, तक्रार कसली करतेस, आपलाही गायत्री मंत्र एखाद्या सामन्याला म्हणू द्या अशी मागणी कर, आम्ही सह्या देतो. आणि मुलगा म्हणतो, "आई, प्लीज, तू काही करू नकोस." धाकटी चौथीत आहे. तिच्या शाळेत प्रार्थनेसाठी संमतिपत्र येणार असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय, ते वेगळंच. मी काय करू?

— टेक्सासची आई

उत्तर :

चालतं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, नाहीतर आपण मोठी माणसं कायद्यावर भाषणं ठोकत बसू आणि तो बिचारा डिशवॉशरपाशी उभाच राहील. आमेन म्हटल्यानं कोणी बाटत नाही. पण न म्हटलं तरी चालतं, हेही त्याला त्याच दमात सांगा. माझा अंदाज असा, की त्याला हे दुसरं उत्तर ऐकायचं होतं आणि विचारताना त्यानं पहिलं विचारलं. चौदाव्या वर्षी मुलं असंच विचारतात. न्यू जर्सीत शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना मला हे फार वेळा दिसलं: प्रश्न नेहमी परवानगीचा असतो, आणि खरी परवानगी उलट बाजूची हवी असते.

तुमच्या पत्रातल्या प्रत्येकानं देवाबद्दल काही ना काही मत दिलंय. मला त्या गोलात देवापेक्षा कोच जास्त दिसतात. आज सुरुवातीच्या अकरात कोण, बाकावर कोण, पुढच्या वर्षी व्हर्सिटीत कोण, हे सगळं त्या एका माणसाच्या हातात. त्यांची शिट्टी वाजली की पोरं पळतात, परत वाजली की थांबतात. त्याच माणसानं गोलात बोलावलं आणि स्वतः मान झुकवली, तर टीममध्ये नवा आलेला, नावारंगानं उठून दिसणारा नववीतला मुलगा "मी जरा बाजूला थांबतो" म्हणेल का? कोच भले माणूस असतील, बहुतेक असतीलच. त्यांनी कधी "प्रार्थना कर" असं म्हटलंही नसेल. म्हणायची गरजच पडत नाही, अडचण तिथेच आहे.

हे नवीन नाही, आणि तुमच्यापासून लांबही नाही. डॅलसच्या दक्षिणेला डंकनव्हिल आहे. तिथल्या सातवीतल्या, बारा वर्षांच्या एका मुलीची गोष्ट तुम्हाला आपलीच वाटेल. ती शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये होती. सरावाला, सामन्याला प्रार्थना व्हायची, कोचही त्यात असायचे. उगाच वाद नको म्हणून तीही सामील व्हायची. एकदा वडील सामना बघायला आले आणि त्यांना ते दिसलं. नंतर त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, मला नको वाटतं. वडील म्हणाले, मग नको करू. पुढच्या सामन्यांना मुली प्रार्थना करायच्या आणि ही बाजूला उभी राहायची. मग बाकीच्या मुली विचारू लागल्या, तू ख्रिश्चन नाहीस का? एका सामन्यानंतर प्रेक्षकांतला एक जण उठून ओरडला, ही का प्रार्थना करत नाही? इतिहासाच्या शिक्षकानं भर वर्गात तिला 'छोटी नास्तिक' म्हटलं. प्रकरण फेडरल अपील न्यायालयापर्यंत गेलं. तुमचं टेक्सास ज्याच्या हद्दीत येतं त्याच पाचव्या सर्किटच्या न्यायालयानं १९९५ मध्ये निकाल दिला: मुलांना आपणहून प्रार्थना करायची तर खुशाल करू द्या, शाळेच्या नोकरांनी त्यात भाग घ्यायचा नाही.

आता कोणीतरी तुम्हाला सांगेलच, "अहो, ते जुनं झालं, आता कोच प्रार्थना करू शकतात, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय." अर्धं खरं आहे. वॉशिंग्टन राज्यात ब्रेमर्टन नावाचं गाव आहे. तिथल्या हायस्कूलचे फुटबॉलचे सहायक कोच जोसेफ केनेडी सामना संपला की मैदानाच्या मधोमध, पन्नास यार्डांच्या रेषेवर, गुडघा टेकून प्रार्थना करायचे. शाळेनं हरकत घेतली, खटला झाला आणि जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध ३ मतांनी कोचच्या बाजूनं कौल दिला. पण बहुमतानं कशाला संरक्षण दिलं ते नीट बघा. सामना संपल्यावर, मुलं आपापल्या कामात असताना, एका माणसानं स्वतःपुरती केलेली प्रार्थना. पोरांना गोळा करून सामन्याआधी केलेली प्रार्थना हा तिथे वादाचा मुद्दाच नव्हता, ती पद्धत केनेडींनी त्याआधीच बंद केली होती. अल्पमतातल्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी निकालपत्रात थेट छायाचित्रंच घातली, कोचभोवती गुडघे टेकून बसलेल्या खेळाडूंची. एका नास्तिक खेळाडूच्या पालकांनी शाळेला सांगितलं होतं, की खेळायला कमी मिळेल या भीतीनं आमचा मुलगा त्यात जायचा. तुमचा मुलगा हे वाक्य मोठ्यानं म्हणणार नाही. ब्रेमर्टनमध्येही ते पालकांनीच सांगितलं.

केनेडीच्या निकालानंतर डंकनव्हिलमधलं किती टिकतं यावर वकील मंडळी अजून भांडतात, त्यांचं ते कामच आहे. तुम्हाला त्यात शिरायचं कारण नाही. कोचनं स्वतः प्रार्थना करणं वेगळं, मुलांनी एकत्र येऊन करणं वेगळं, आणि कोचनं टीमला त्यासाठी बोलावणं वेगळं. पहिल्या दोन गोष्टींना कोणी हात लावू शकत नाही, लावूही नये. बारावीतल्या त्या मुलाला मनापासून प्रार्थना करावीशी वाटते, तो त्याचा हक्क आहे. मित्रांना घेऊन कोपऱ्यात करू दे. टेक्सासच्याच बर्लिसन गावातून १९९० मध्ये मुलांनी सुरू केलेला प्रकार आता देशभर चालतो: सप्टेंबरात एका सकाळी शाळेच्या झेंड्याच्या खांबाभोवती जमायचं आणि प्रार्थना करायची. शाळा भरायच्या आधी, मुलांचीच मुलांनी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमचीही नसावी.

आता मिस्टरांच्या मुद्द्याकडे येते, कारण या चर्चेत घराघरांत तो निघतो आणि तिथेच चर्चा संपते. "तीही हात जोडायची, त्यांचं काय बिघडलं?" त्यांचं काही बिघडलं की नाही हे मला माहीत नाही. मिस्टरांनाही माहीत नाही, कारण तेव्हा कोणी विचारलंच नव्हतं. ज्याची प्रार्थना असते त्याला ती हवेसारखी असते, लक्षातच येत नाही. शाळेच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आता सगळ्यांचाच असतो. मिस्टरांनी त्या जुन्या मित्रांपैकी एकाला फोन करावा आणि सरळ विचारावं. कदाचित मित्र म्हणेल, "अरे, मला ती चाल फार आवडायची." कदाचित गप्प बसेल. दोन्ही उत्तरं ऐकण्यासारखी आहेत.

आणि तिकडे सगळं आलबेल होतं असंही नाही. राज्यघटनेचं कलम २८ तुमच्या माझ्या शाळेच्या दिवसांतही होतंच. संपूर्ण सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत असलं तरी मुलाच्या पालकांच्या संमतीशिवाय त्याला धार्मिक उपासनेत बसवायचं नाही. आपल्यापैकी किती जणांच्या घरी असं संमतिपत्र आलं होतं? २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे नाशिकच्या एका शाळेतल्या शिक्षकांचं प्रकरण आलं. परिपाठाला ते हजर असायचे, पण प्रार्थनेला हात जोडायचे नाहीत. एवढ्यावरून शाळेनं त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवून धरली. न्यायालयानं सांगितलं, हात जोडायची सक्ती करता येणार नाही. एका मोठ्या माणसाला, पगारदार शिक्षकाला, हात न जोडण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. वर्गातल्या दहा वर्षांच्या पोरानं काय केलं असतं? जोडले हात, झालं. आज टेक्सासमध्ये तुमचा मुलगा नेमक्या त्या पोराच्या जागी उभा आहे. मिस्टरांना हे भांडणाच्या सुरात सांगू नका, चहाच्या वेळी सांगा.

मैत्रिणीची सूचना मात्र मला अजिबात पटत नाही. गायत्री मंत्राची मागणी करायची, म्हणजे आपणही गोलाच्या मध्यभागी जायचं. मग त्या टीममधल्या कोणा नास्तिक घरातल्या, कोणा ज्यू, कोणा मुसलमान मुलानं आपल्या मंत्रासाठी गुडघा टेकायचा? आणि खरं सांगायचं तर हा डाव इथे आधीच खेळून झालाय. ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स शहरात एका ज्यू कुटुंबाच्या मोठ्या मुलीच्या शाळेच्या निरोप समारंभात १९८६ मध्ये एका बॅप्टिस्ट पाद्रीनं येशूचे आभार मानायला सगळ्यांना उभं केलं. वडिलांनी नाराजी कळवली. तीन वर्षांनी धाकटीच्या समारंभाची वेळ आली तेव्हा शाळेला वाटलं, आपण कोडं सोडवलं: या वेळी प्रार्थनेला ज्यू रबाईंना बोलावलं! त्या कुटुंबानं तरीही हरकत घेतली. आपल्याच धर्माचा माणूस आपल्याच मुलीच्या कार्यक्रमात प्रार्थना म्हणतोय, तरीही. त्यांचं म्हणणं होतं, शाळेनं आमची प्रार्थना म्हणावी असं आमचं मागणंच नव्हतं, शाळेनं प्रार्थना म्हणवून घेणंच नको होतं. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांचं ऐकलं, आणि निकालात एक बारीक गोष्ट टिपली: सगळे उभे असताना गप्प उभं राहणं हीसुद्धा त्या वयात सामील होण्यासारखीच वाटते, आणि ते दडपण शाळेनं आणायचं नाही. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँथनी केनेडी (ब्रेमर्टनचे कोच केनेडी वेगळे) हे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेले, कॅथलिक गृहस्थ. मैत्रिणीला ही गोष्ट सांगा. सह्यांचा कागद घडी घालून ठेवेल.

शाळेत प्रार्थना नको म्हणणारे सगळे देव न मानणारे, असा एक समज आपल्या लोकांतही आहे, म्हणून थोडं मागचं सांगते. या देशात शाळेतल्या धर्मावरून सगळ्यात भयंकर दंगे झाले ते ख्रिश्चनांचे ख्रिश्चनांशी. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात. शाळेत प्रॉटेस्टंटांचं किंग जेम्स बायबल वाचलं जायचं, कॅथलिक म्हणत होते आमच्या मुलांना आमचं वाचू द्या. चर्चं जळली, माणसं मेली. पुढे १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळानं कोणालाच खुपू नये अशी एक बेतानं प्रार्थना तयार केली. इंग्रजीत जेमतेम बावीस शब्द. त्यात येशू नाही, कोणाचंच नाव नाही, फक्त सर्वशक्तिमान देव, आईवडील, शिक्षक आणि देश. ज्याला नको त्यानं म्हणू नये, बाहेर जावं, अशी सोयही होती. लाँग आयलंडवरच्या काही पालकांनी, त्यात ज्यू होते, युनिटेरियन नावाच्या उदारमतवादी पंथाचे होते, नास्तिकही होते, तरी खटला भरला. २५ जून १९६२ ला सुप्रीम कोर्टानं ती प्रार्थना रद्द केली. निकाल लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी, अलाबामाचे, एके काळी चर्चच्या रविवारच्या शाळेत बायबल शिकवलेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रार्थना रचून देणं हे सरकारचं कामच नव्हे. त्या पालकांना धमक्यांचे फोन आले, एकाच्या घरासमोर क्रॉस पेटवला गेला. हेही मी लपवत नाही.

आणि एक मुलगा मला फार आवडतो. पेन्सिल्व्हेनियातला एलरी शेम्प, वय सोळा. तिथल्या कायद्यानं रोज सकाळी वर्गात बायबलमधल्या दहा ओळी वाचायच्या. १९५६ च्या नोव्हेंबरात एके दिवशी तो मित्राच्या वडिलांकडून कुराण मागून आणतो आणि बायबल सुरू असताना आपल्या बाकावर ते उघडून गुपचूप वाचत बसतो. कोणाला त्रास नाही, आवाज नाही. रवानगी सरळ प्राचार्यांच्या खोलीत. त्याचं घर चर्चमध्ये जाणारं होतं, युनिटेरियन. सात वर्षांनी, १९६३ मध्ये, निकाल त्याच्या बाजूनं लागला: शाळेनं भक्ती म्हणून बायबल वाचून घ्यायचं नाही. त्याच निकालात हेही आहे, की इतिहास म्हणून, साहित्य म्हणून धर्मग्रंथ शिकवायला शाळेला कोणी अडवलेलं नाही. हे लोक सोयीनं विसरतात, दोन्हीकडचे.

बरं. आता कामाचं.

मुलगा म्हणतोय, काही करू नकोस. त्याला न सांगता काही करू नका. टीम त्याची आहे, लॉकर रूममध्ये उद्या त्याला जायचंय. पण "काही करू नकोस" म्हणजे "तमाशा करू नकोस" असंही असू शकतं, तेवढं विचारून घ्या. गाडीत विचारा, समोरासमोर बसवून नको. त्याला तीन गोष्टी विचारायच्या. गोलात बोलावतं कोण, कोच की ती मोठी मुलं? कोणी बाजूला थांबलं तर काय होतं, कधी कोणी थांबलंय का? आणि टीममध्ये आणखी कोण गप्प असतं? या तिसऱ्या प्रश्नाला बहुधा दोन-तीन नावं निघतील आणि त्याच्याच चेहऱ्यावरचा ताण उतरेल. तुम्ही समजता तेवढा तो एकटा नसणार. टेक्सासमधलाच सांता फे नावाच्या गावातला खटला २००० मध्ये सुप्रीम कोर्टात गाजला, फुटबॉलच्या सामन्याआधी लाउडस्पीकरवरून म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेचा. ६ विरुद्ध ३ मतांनी ती बंद झाली. तक्रार करणारी दोन कुटुंबं कोण होती? एक मॉर्मन, एक कॅथलिक. म्हणजे येशूला मानणारीच. पण गावच्या वाऱ्याला भिऊन त्यांनी नावं गुप्त ठेवली, आणि ती शोधून काढायचा प्रयत्न इतका झाला की न्यायाधीशांना तंबी द्यावी लागली.

त्याला जर गोलात राहायला काहीच वाटत नसेल, खरंच वाटत नसेल, तर राहू द्या. सासूबाईंचा उपाय मग उत्तम आहे, मनात रामरक्षा म्हणावी नाहीतर पेनल्टीचा विचार करावा. त्याला उभं राहायचं असेल, गुडघा न टेकता, तर तसं सांगा, उभा राहा, मान झुकवू नकोस, मोबाइल काढू नकोस, कोणाकडे बघून हसू नकोस. इतरांच्या प्रार्थनेचा मान राखायचा, सहभागी व्हायचं नाही. बूट बांधायचं नाटक एखाद्या सामन्याला ठीक, रोज रोज नाडी सुटत नाही. आणि त्याला वाटत असेल की आईनं काही करावं पण आपलं नाव नको, तर तीही वाट आहे.

ती वाट म्हणजे शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला एक ईमेल. कोचला नाही, कारण कोचला लिहिलंत की ते त्याच संध्याकाळी मुलाकडे बघणार. फोन नको, लेखी हवं. त्यात तक्रारीचा सूर नको, कायद्याचे दाखले नकोत, वकिलाचं नाव तर मुळीच नको. इंग्रजीत तुम्ही लिहालच, गोषवारा असा ठेवा: "सामन्याआधीच्या प्रार्थनेबद्दल शाळेचं धोरण काय आहे ते जाणून घ्यायचं आहे. ती कोण सुरू करतं? कोच त्यात असतात का? ज्या मुलांना भाग घ्यायचा नाही त्यांना ते कसं कळवलं जातं? सगळ्या खेळांच्या कोचना याबद्दल सूचना दिलेल्या आहेत का?" 'सगळ्या खेळांच्या' हे शब्द गाळू नका. त्यांच्यामुळे बोट एका टीमकडे, एका मुलाकडे जात नाही. अनुभवानं सांगते, अशा साध्या चौकशीवर बऱ्याचदा वरून कोचना एक ओळ जाते आणि पुढच्या सामन्यापासून गोल मुलं आपापली करतात, कोच पाण्याच्या बाटल्या मोजत बाजूला उभे राहतात. कोर्टात जायला मी सांगणार नाही. कायदा तुमच्या बाजूनं असला तरी नववीतल्या मुलाला चार वर्षं त्याच मैदानावर खेळायचंय. मुलाला त्रास सुरू झाला, कमी खेळवू लागले, टोमणे आले, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तारीख-वार लिहून ठेवा, आणि टेक्सासच्या एसीएलयूसारख्या, नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेशी बोला.

धाकटीचं. व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतंय त्याला आधार आहे. टेक्सासनं २०२५ मध्ये कायदा केला, सिनेट बिल ११. शाळांना रोज प्रार्थनेसाठी आणि बायबल किंवा दुसरा धर्मग्रंथ वाचण्यासाठी वेळ ठेवता येईल, ठेवायचा की नाही यावर शाळा चालवणाऱ्या प्रत्येक स्थानिक बोर्डानं १ मार्च २०२६ च्या आत मतदान करायचं होतं. म्हणजे सक्ती मतदानाची होती, वेळ ठेवायची नाही. कागदावर हा वेळ सगळ्या धर्मांचा आहे, पण राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी त्या वेळात मुलांनी काय म्हणावं म्हणून सुचवलं ते येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, त्यावरून वारं कुठलं ते ओळखा. तुमच्या बोर्डानं काय ठरवलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. बैठकांचे वृत्तांत बोर्डाच्या वेबसाइटवर असतात, आधी ते बघा, ग्रुपवरचे फॉरवर्ड नंतर. पालकांनी लेखी संमती दिल्याशिवाय कुठल्याही मुलाला त्यात घेता येत नाही. तेव्हा फॉर्म आलाच तर न भरणं एवढंच तुमचं काम. आणि भरावासा वाटला, आपलीही गीता तिला वाचू दे असा मोह झाला, तर सही करायच्या आधी खालचा बारीक मजकूर वाचा. त्या सहीबरोबर या धोरणाविरुद्ध दाद मागायचा हक्क तुम्ही सोडून देता. मी सही करणार नाही.

सासूबाईंना मात्र एक चांगली बातमी द्या. टेक्सासच्या शाळेत रोज सकाळी देशाची आणि राज्याची प्रतिज्ञा झाली की एक मिनिट शांतता पाळतात, ती २००३ पासून कायद्यानंच आहे. त्या मिनिटात मुलानं प्रार्थना करावी, ध्यान करावं किंवा दुसऱ्याला त्रास न देता गप्प बसून काहीही करावं. कोण काय करतंय हे कोणी विचारत नाही. मला विचाराल तर या सगळ्या वादातली सगळ्यात शहाणी तोड हीच आहे. रामरक्षेचे ३८ श्लोक एका मिनिटात बसायचे नाहीत, पण 'कराग्रे वसते' निवांत बसेल, आजीनं शिकवलं तर. नातीला त्या वेळात डब्यात काय असेल याचा विचार करायचा असला तर त्यालाही कायद्याची हरकत नाही.

ईमेल पाठवायच्या आधी मुलाला वाचून दाखवा. त्यानं एखादा शब्द बदल म्हटलं तर बदला. डायरेक्टरचं उत्तर आलं की मला कळवा. दोन आठवड्यांत आलं नाही तर तेही कळवा, मग प्रिन्सिपलला काय लिहायचं ते बघू.